वृद्धाश्रमात नोकरी धरण्याआधी: नाशिकमधून काही अनुभवाचं

वृद्धाश्रमात मुलाखतीला जाल तेव्हा बाग, देवघर, भजनाचा हॉल सगळं दाखवतील. ते बघा, पण निघण्याआधी गेल्या महिन्याचा ड्युटी-चार्ट मागून घ्या. रात्री किती माणसं होती, त्यातली किती डबल ड्युटीवर होती, सिस्टर जागेवर होती की नुसती फोनवर, हे त्यातून कळतं. मी नर्सिंगमधून या कामात आले आणि पुढे व्यवस्थापन बघायला लागले. रात्री दोन वाजता कामावर किती हात आहेत, यावर संस्था जोखावी, हे माझं मत वर्षागणिक पक्कं होत गेलंय. कायदा बदलला, समिती बसली, देणगी आली, तपासणी झाली. यातलं त्या हातांपर्यंत काय पोचलं, हे विचारायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

आधी नाशिकचं चित्र समजून घ्या. नाशिकरोडच्या दोन्ही सरकारी छापखाने (प्रेस), ओझरचा एचएएलचा विमान कारखाना, सातपूर-अंबडच्या कंपन्या यांतून निवृत्त झालेली मोठी पिढी आता सत्तरी-ऐंशीत आहे. मुलं पुण्याला, बंगळुरूला, नाहीतर परदेशात. हवा चांगली म्हणून मुंबई सोडून इथे स्थायिक झालेलेही पुष्कळ. पूर्वी वृद्धाश्रमात येणारी माणसं बहुतेक हिंडती-फिरती असत. दोन वेळचं जेवण, सोबत आणि महिन्यातून एकदा डॉक्टर एवढ्यावर भागायचं. आता दाखल होणाऱ्यांत पक्षाघात झालेले, खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेले, विस्मरणाचे रुग्ण खूप आहेत. साठीपुढच्या लोकांच्या राष्ट्रीय पाहणीवरून केलेल्या अभ्यासात भारतात या वयाच्या 7.4 टक्के लोकांना डिमेन्शिया, म्हणजे हाच विस्मरणाचा आजार, असल्याचा अंदाज निघाला. म्हणजे काम बदललं, पण इमारत, माणसांची संख्या आणि पैशाचा हिशेब अजून जुन्याच कामाला बेतलेला आहे. नव्याने येणारे भांबावतात ते इथेच.

कायद्याचं म्हणाल तर आपला मुख्य कायदा 2007 चा, आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा. महाराष्ट्राने त्याचे नियम 2010 मध्ये केले. मुलं सांभाळत नसतील तर प्रांताधिकाऱ्यांपुढच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो आणि महिन्याला दहा हजारांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. सांभाळण्याच्या अटीवर घर मुलाच्या नावे केलं असेल आणि तो सांभाळत नसेल, तर कलम 23 खाली तो व्यवहार रद्द करून मागता येतो. हे कलम नीट वाचून ठेवा, कारण दाखल झालेल्या आजी चौथ्या-पाचव्या महिन्यात, जरा ओळख झाली की, हळूच त्याबद्दलच विचारतात. कलम 19 मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान 150 निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाचा उल्लेख आहे, पण तिथली भाषा ‘शासन उभारू शकेल’ अशी आहे. घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी आणि दहा हजारांची मर्यादा काढणं, हे सुचवणारं दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, मंजूर मात्र झालं नाही. नीती आयोगाने फेब्रुवारी 2024 मध्ये ज्येष्ठांच्या काळजीतल्या सुधारणांवर सविस्तर मांडणी केली. तीस माणसांमागे किती सिस्टर आणि किती मावशी (अंघोळ-भरवणं बघणाऱ्या मदतनीस) हव्यात याचं सगळ्या संस्थांना बांधणारं गणित मात्र आपल्याकडे अजून नाही.

ऑस्ट्रेलियाने ते केलंय, म्हणून त्यांचं उदाहरण मी नव्या मुलामुलींना आवर्जून सांगते. तिथे वृद्धसेवेतल्या हेळसांडीवर 2018 मध्ये शाही आयोग, म्हणजे सरकारचा वरिष्ठ चौकशी आयोग, नेमला गेला. मार्च 2021 मध्ये त्याचा अंतिम अहवाल 148 शिफारशींसह जाहीर झाला आणि पुढची काही वर्षं तिथल्या संस्थांची नुसती धांदल उडाली. जुलै 2023 पासून निवासी संस्थेत चोवीस तास नोंदणीकृत परिचारिका हवी, असा नियम आला. ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक रहिवाशामागे दिवसाला सरासरी 215 मिनिटं प्रत्यक्ष काळजी, त्यातली 44 मिनिटं नोंदणीकृत परिचारिकेची. संस्थेच्या संचालक मंडळात वैद्यकीय सेवेचा अनुभव असलेली एक तरी व्यक्ती असावी, हेही ठरलं. हक्कांवर आधारलेला नवा कायदा 1 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाला. आता हे सगळं करायला माणसं कुठून आणायची? म्हणून 2023 च्या मध्यात या क्षेत्रातल्या कर्मचाऱ्यांची मूळ वेतनं 15 टक्क्यांनी वाढवावी लागली. तरीही दूरच्या गावांतल्या संस्थांना परिचारिका मिळत नाहीत, आणि काहींना चोवीस तासांच्या नियमातून सवलत द्यावी लागली.

ते 215 मिनिटांचं गणित कागद घेऊन आपल्या संस्थेला लावून बघा. तीस रहिवासी असतील तर दिवसाला 6450 मिनिटं, म्हणजे साधारण 107 तास. आठ तासांची पाळी धरली तर दिवसाला तेरा-चौदा माणसं. साप्ताहिक सुट्टी आणि रजा धरल्या तर पटावर सतराच्या आसपास हवीत. यात स्वयंपाक, झाडलोट, कपडे धुणं काहीच धरलेलं नाही. आपल्याकडे तीच मावशी सकाळी सहा जणांच्या आंघोळी उरकून मशीनला कपडे लावते आणि दुपारी भाजी निवडायला बसते. आपण उद्याच 215 गाठू, असं मी म्हणत नाही. तेवढी फी नाशिकमधल्या बहुतेक कुटुंबांना झेपणार नाही. पण तुमच्या संस्थेत आज किती मिनिटं पडतात, हा आकडा तुम्हाला माहीत हवा. विश्वस्तांसमोर ‘माणसं कमी पडतात’ म्हटलं की सगळे माना डोलावतात. ‘रात्री माणशी तेवीस मिनिटं येतात आणि त्यात नऊ जणांच्या कुशी बदलायच्या आहेत’ म्हटलं की कुणीतरी वही काढतं.

माणसं टिकवणं हा या कामातला सगळ्यात अवघड भाग. नाशिकचं दुखणं तर अगदी इथलंच आहे. मावशी म्हणून येणाऱ्या बायका बऱ्याचदा पेठ, सुरगाणा, हरसूल भागातल्या असतात. ऑक्टोबरला द्राक्षबागांची छाटणी निघाली की दिंडोरी-निफाडकडे टोळ्या जातात, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी-पॅकिंगला पुन्हा. रोज हातात पडणारी मजुरी, सोबत गावच्या बायका, संध्याकाळी काम संपलं की संपलं. त्या जातात यात त्यांचं काही चुकत नाही. मी तर म्हणेन, वर्षाचा चार्ट लावतानाच हे दोन हंगाम लाल शाईने लिहून ठेवा आणि नवी भरती दसऱ्याच्या आत उरका. सिस्टरांचं वेगळं: जीएनएम (नर्सिंगची पदविका) झालेली मुलगी वर्षभर अनुभव घेते आणि मोठ्या खासगी रुग्णालयात जाते. तिथे नाव मिळतं, पगार मिळतो. माणसं पुरवणाऱ्या नर्सिंग ब्युरोकडून बारा तासांवर माणूस मागवता येतो, पण आज एक, उद्या दुसरा. विस्मरणाच्या रुग्णाला रोज नवा चेहरा दिसला की तो आंघोळीला हातच लावू देत नाही, जेवणही थुंकतो.

कर्मचारी कशामुळे थांबले, हे मी जवळून पाहिलंय. पगार लागतोच, तो वेळेवरही लागतो. त्याच्या जोडीला ठरलेला सुट्टीचा दिवस, जो कुणीही फोन करून खात नाही. रात्रपाळीला गरम जेवण. दहानंतर सुटणाऱ्या बाईला घरी सोडायची सोय, कारण पेठ रोडच्या आतल्या वस्तीत त्या वेळी रिक्षावाला येत नाही आणि आला तर परवडत नाही. हातात नियुक्तिपत्र; 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या कामगार संहितांनी ते प्रत्येक कामगाराला देणं बंधनकारक केलंय. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर भविष्य निर्वाह निधीही. तुम्ही स्वतः नोकरी धरताना हे सगळं विचारा, संकोच करू नका. ‘सेवा आहे ही, पगाराचं काय विचारता’ असं उत्तर आलं, तर नमस्कार करून बाहेर पडा. ज्यांच्या जिवावर सेवा चालते त्यांना महिनाअखेरीला उचल मागावी लागत असेल, तर ती फार दिवस चालत नाही.

कारभाराकडे नर्सिंगमधून येणाऱ्यांचं लक्ष नसतं आणि एमएसडब्ल्यू (समाजकार्याची पदव्युत्तर पदवी) झालेल्यांना तो नुसता कागदोपत्री वाटतो. बहुतेक वृद्धाश्रम सार्वजनिक न्यास आहेत. विश्वस्त बदलला की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, दरवर्षी लेखापरीक्षण, जानेवारी आणि जुलैत अग्निसुरक्षेचं बी फॉर्म प्रमाणपत्र. एका ठिकाणी बदल अर्ज वर्षानुवर्षं पडून राहिल्याने बँकेत सही कुणाची चालणार यावरून खातं अडकलं आणि पगार लांबले. बदल अर्ज आणि रात्रपाळीचा संबंध असा असतो.

पण कागदांत सगळ्यात मोलाच्या दोनच वह्या. पहिली घटनांची: कोण पडलं, कुणाला बेडसोर (पडून राहून होणारी जखम) झाला, कुणाची गोळी चुकली, कोण फाटकाबाहेर निघून गेलं. वेळ लिहायची, ड्युटीवर कोण होतं लिहायचं, आणि लिहिणाऱ्यावर ओरडायचं नाही. ओरडलात की पुढच्या महिन्यापासून वही कोरी राहील, आणि कोरी वही बघून विश्वस्त खूश होतील. तीन महिन्यांच्या नोंदी एकत्र बघितल्या की पडण्याच्या बहुतेक घटना पहाटे चार ते सहामध्ये, बाथरूमच्या वाटेवर झालेल्या दिसतात. मग त्या दोन तासांसाठी एक माणूस लवकर बोलावता येतो. दुसरी वही वजनाची. दर महिन्याला प्रत्येकाचं वजन. ताटात वाढलं किती हे सगळे सांगतात. पोटात गेलं किती हे काटा सांगतो. एखाद्या काकांचं वजन दोन महिन्यांत चार किलो उतरलं तर कवळी सैल झाली असेल, गिळताना ठसका लागत असेल, नाहीतर भरवणाऱ्या मावशीकडे एका वेळी सात जण असतील. विश्वस्तांच्या बैठकीत या दोन वह्या जमाखर्चाच्या आधी वाचल्या जाव्यात, यासाठी मी खूप भांडले आहे आणि तुम्हीही भांडा. मंडळावर एखादी निवृत्त मेट्रन (रुग्णालयातली मुख्य परिचारिका) किंवा डॉक्टर आणता आले तर हे भांडण निम्मं हलकं होतं.

शिक्षणाचं थोडक्यात सांगते. जीएनएम तीन वर्षांचं, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, आणि दोन्हींना महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी लागते. तेवढं शिक्षण शक्य नसेल तर जनरल ड्युटी असिस्टंटचा कौशल्य अभ्यासक्रम आहे. राष्ट्रीय समाज संरक्षण संस्थेमार्फत वृद्धसेवेची प्रशिक्षणंही होतात. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आणि मुक्त विद्यापीठ दोन्हींची मुख्यालयं आपल्या नाशिकमध्येच आहेत. अर्धवट राहिलेली पदवी नोकरी सांभाळून पूर्ण करणाऱ्या मावश्या मी पाहिल्यात. पुस्तकात असून हातात नसलेल्या गोष्टी मात्र कामावरच शिकाव्या लागतात: दर दोन तासांनी कूस बदलणं, बसवूनच भरवणं आणि नंतर अर्धा तास आडवं न करणं, पाठीला हात न देता कमरेच्या पट्ट्याने उठवणं. कुणाकडून तरी हात धरून शिकून घ्या.

नोव्हेंबर महिना पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्यात जातो. आजोबांचे ठसे उमटत नाहीत, चेहऱ्यावरून ओळख पटवायचं ॲप लावावं लागतं, आणि हे काम कुणाच्याच चार्टमध्ये नसतं. ते चार्टमध्ये आणा. सत्तरीपुढच्यांना उत्पन्नाची अट न घालता पाच लाखांपर्यंतच्या उपचारांचं आयुष्मान कार्ड ऑक्टोबर 2024 पासून मिळतं. दाखल होताना ते नसेल तर पहिल्याच आठवड्यात काढून घ्या, कारण खुबा मोडल्यावर आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करायला वेळ नसतो. एल्डरलाइन या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीचा 14567 हा क्रमांक भिंतीवर रहिवाशांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लावा, त्यावर तक्रार तुमच्याच विरुद्ध जाऊ शकत असली तरी.

आणि 2027 चा सिंहस्थ. पर्वणीच्या दिवसांत पंचवटी-तपोवनाकडचे रस्ते बंद होतात, गाड्या शहराबाहेर अडवल्या जातात, हे 2015 ला आपण सगळ्यांनी बघितलंय. म्हसरूळ, मखमलाबाद, आडगाव भागातल्या संस्थांनी आत्तापासून बसून लिहून काढावं: कोणता कर्मचारी नदीच्या कोणत्या बाजूला राहतो, कोण चार दिवस संस्थेतच मुक्काम करू शकेल, त्यांची झोपायची सोय कुठे, इन्शुलिन आणि फिटच्या गोळ्यांचा महिन्याचा साठा आहे का, अॅम्ब्युलन्स कोणत्या रस्त्याने जाईल, पोलीस ठाण्यातून कर्मचाऱ्यांना पास मिळतील का, ऑक्सिजन सिलिंडरवाल्याचं गोदाम कुठे आहे. नव्याने रुजू होत असाल तर हे काम मागून घ्या. त्यासाठी प्रत्येक रहिवाशाची फाईल उघडावी लागते, प्रत्येक कर्मचाऱ्याशी बोलावं लागतं, आणि दोन महिन्यांत संस्था तळापर्यंत कळते.