टाइल्सच्या ओट्याला खर्च नेमका कुठे लागतो

"मिस्त्री, ओट्याले टाइल्स लावाच्या म्हटलं तं किती लागते जी?" वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात मी फरशी-टाइल्सचं काम करतो. कापूस विकून घरात पैसा आला की हा प्रश्न सुरू होतो. घरकुलाचे पैसे भिंती आणि छतातच जातात, स्वयंपाकाचा ओटा खिशातूनच बांधावा लागतो. म्हणून सगळा हिशेब मांडतो.

आधी माप. आपण जिला दोन बाय दोन म्हणतो ती टाइल ६०० मिलिमीटरची, म्हणजे पुरती चोवीस इंच नसते. पुऱ्या आठ फुटांचा ओटा बांधला की चार टाइल्स लावून शेवटी इंच-दीड इंच जागा उघडी राहते आणि तेवढ्यासाठी पाचवी टाइल कापावी लागते. त्यापेक्षा टाइल आधी आणा आणि ओटा तिच्या मापाने बांधा. सांधे धरून लांबी सात फूट पावणेअकरा इंच येते. चार टाइल्सचा बॉक्स साडेपंधरा चौरस फुटांचा. एक वर लागतो, एक मागच्या भिंतीला दोन फूट उंचीपर्यंत.

ओट्यावर व्हिट्रिफाइडच टाइल घ्या. ती पाणी अर्ध्या टक्क्याहून कमी पिते. भिंतीची सिरॅमिक टाइल दहा टक्क्यांच्या वर पिते, शिवाय कमजोर असते. रंग फार गडद नको, बोअरच्या खाऱ्या पाण्याचे पांढरे डाग त्यावर उठून दिसतात.

आता पैसे. मी अंदाज देताना हे भाव धरतो, तुमच्या गावात थोडे इकडेतिकडे होतील. ओट्याखालच्या तीन आडव्या भिंतींना ऐंशी विटा, ६०० रुपये. तीन इंची स्लॅबला नऊ किलो सळाख, ५५०. बांधकाम, स्लॅब, प्लास्टर मिळून तीन पोती सिमेंट, १०५०. (२२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, दुकानदाराला विचारताना हे ध्यानात ठेवा.) रेती-गिट्टी ६००. टाइल्स ४५ रुपये फुटाने दोन बॉक्स, १४००. समोरच्या कडेला काळ्या ग्रॅनाइटची पट्टी ७००. चिकटवायच्या मसाल्याची २० किलोची पिशवी ३५०, सांध्यात भरायचं इपॉक्सी ग्राउट ५००. मिस्त्री तीन दिवस २४००, सोबत रेजा (हाताखालची मजूर बाई) १३५०. बेरीज साडेनऊ हजार. सिंक आणि नळ वेगळे.

नीट पाहा, ओट्याच्या वरची टाइल यात फक्त सातशेची आहे. पंचवीस रुपये फुटाची हलकी टाइल घेऊन तीनशे वाचतात, बाकी खर्च तसाच राहतो. आणि पट्टी, मसाला, ग्राउट धरले तर साध्या ग्रॅनाइटच्या पाटीपेक्षा टाइल फार स्वस्तही पडत नाही. घरात फरशीच्या टाइल्स उरल्या असतील, किंवा शहरातून ग्रॅनाइट आणायचं भाडंच जड जात असेल, तर टाइल्सचा ओटा जरूर करा. नाहीतर दोन्हीचे भाव काढूनच ठरवा.

पैसे वाचवायचे नाहीत ते सांध्यात. साधा सिमेंटचा सांधा हळद-तेल पितो. महिनाभरात पिवळा पडतो, मग काळा, आणि घासून घासून बाईचे हात दुखतात. इपॉक्सी महाग आहे, पण हळद आत शिरत नाही. भरताना थोडं थोडंच कालवा आणि टाइलवर सांडलेलं लगेच पुसा, वाळल्यावर ते निघत नाही.

स्लॅबला किमान सात दिवस पाणी मारा. वैशाखात आमच्याकडे पारा ४५ ला टेकतो, तेव्हा बारदाना अंथरून दिवसातून चार-पाच वेळा भिजवा, नुसती बादली ओतून भागत नाही. टाइलच्या मागे मसाला पूर्ण पसरायला सांगा. काही मिस्त्री पाच ठिकाणी गोळे ठेवून टाइल दाबतात. मधली पोकळी तशीच राहते आणि एक दिवस कुकर जोरात ठेवला की तिथंच तडा जातो. मसाला वाळल्यावर नाणं घेऊन प्रत्येक टाइल ठोका. पोकळ आवाज आला ती उखडून पुन्हा बसवून घ्या, मगच सांधे भरू द्या आणि पूर्ण मजुरी द्या. ठेचा कुटायचा खलबत्ता मात्र ओट्यावर नको, तो खाली फरशीवरच वापरा.

दोन-तीन टाइल्स जास्तीच्या घ्या आणि बॉक्सवरचा बॅच नंबर लिहिलेला पुठ्ठा त्यांच्यासोबत माळ्यावर ठेवा. पुढच्या वर्षी तीच टाइल मागितली तर रंगात फरक येतो.