आधी फोटो, मग फावडे: कोकणात घराचा आणि गाडीचा क्लेम कसा करावा

पूर ओसरला की कोकणी माणसाचा हात आधी फावड्याकडे जातो. चिखल सुकला की दगडासारखा होतो, वास सुटतो, आणि दारातली घाण चार लोकांनी बघितलेली आपल्याला खपत नाही. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत आणि घरांत शिरले, तेव्हा आम्हीही तेच केले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घर धुऊन काढले. फ्रीज, वॉशिंग मशीन, गाद्या, लाकडी कपाट सगळे रस्त्यावर, तिथून कचऱ्याच्या ट्रकमध्ये. तीन दिवसांनी विमा कंपनीच्या माणसाने विचारले, "फ्रीज कुठेय?" आमच्याकडे फ्रीजही नव्हता आणि त्याचा फोटोही नव्हता.

त्या एका प्रश्नाने जे शिकवले आणि पुढच्या दोन क्लेममध्ये जे कळले, ते क्रमाने लिहितो.

काम अगोटीत सुरू होते

मे महिन्यात, म्हणजे पावसाआधीच्या अगोटीत, आपण कौले चाळतो, झावळ्या बांधतो, लाकडे आत घेतो. त्याच दिवसांत मोबाइल घेऊन घराभोवती एक फेरी मारा. चारही बाजूंनी भिंती, छप्पर, ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर आणि प्रत्येक खोलीचे चार कोपरे टिपा. फ्रीज, टीव्ही, इन्व्हर्टर, पंप यांच्या मागचा सिरीयल नंबरचा स्टिकरही घ्या. सगळे मिळून वीस मिनिटांचे काम आहे. हे फोटो आणि पॉलिसीची पीडीएफ मुंबई-पुण्यातल्या भाच्याला पाठवून ठेवा. हे मी गमतीत म्हणत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले, त्यानंतर दापोली-मंडणगडच्या कित्येक वाड्यांत बरेच दिवस वीज नव्हती आणि फोनला रेंज नव्हती. अशा वेळी क्लेम कळवायला चाकरमानीच उपयोगी पडतो.

पॉलिसीही याच वेळी वाचून काढा. घरासाठी १ एप्रिल २०२१ पासून सर्व साधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकसारख्या अटींची पॉलिसी द्यावी लागते. तिच्यात आग, वीज पडणे, वादळ, पूर, दरड, जमीन खचणे, झाड पडणे हे सगळे येते. विम्याची रक्कम बांधकामाच्या खर्चावर ठरते, जागेची किंमत त्यात धरत नाहीत. समजा चटई क्षेत्र ९०० चौरस फूट आहे आणि बांधकामाचा दर १,८०० रुपये, तर विमा १६,२०,००० रुपयांचा. घरातल्या सामानाला या रकमेच्या २० टक्के, म्हणजे ३,२४,००० रुपयांचे कव्हर आपोआप मिळते. त्याची कमाल मर्यादा १० लाख. दागिने मात्र त्यात नसतात, ते वेगळे नोंदवावे लागतात. आवारातला गडगा (दगडी कुंपण), फाटक, पाण्याची टाकी, सोलर ही सगळी घराचाच भाग धरली जातात, हे आमच्या एजंटालाही माहीत नव्हते. माड, पोफळी आणि कलमे यात येत नाहीत. आंबा-काजूचा फळपीक विमा हा वेगळाच विषय आहे.

छप्पर कौलारू आहे, पत्र्याचे आहे की स्लॅबचे, भिंत चिऱ्याची आहे की मातीची, हे अर्जात जसे असेल तसेच लिहा. हप्ता दोनशे रुपयांनी वाचवायला कौलाचा स्लॅब केला, तर क्लेमच्या दिवशी तोच स्लॅब डोक्यात पडतो. आणि घर गणपती-शिमग्यालाच उघडत असेल तर तेही आधीच सांगा. जुन्या फायर पॉलिसीत घर सलग ३० दिवसांहून जास्त रिकामे राहिले तर कव्हर थांबायचे, म्हणून आपल्या पॉलिसीत याबद्दल काय लिहिले आहे ते बघून घ्या.

नाव कोणाचे?

कोकणात सगळ्यात जास्त क्लेम इथेच अडकत असतील असा माझा अंदाज आहे. आमच्या गावच्या घराची घरपट्टी आजोबांच्या नावे होती, आणि आजोबांना जाऊन बावीस वर्षे झालेली. पॉलिसी माझ्या नावे. एका मे महिन्यात वळवाच्या वाऱ्याने अंगणातला माड स्वयंपाकघरावर आडवा झाला. विमा कंपनीचे, नुकसान मोजणारे सर्व्हेयर आले, नुकसान बघितले, चहा घेतला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, हे घर तुमचं आहे हे कागदावर कुठे दिसतं?" मग चार चुलतभावांची संमतीपत्रे. एक बोईसरला, एक सुरतला, एकाशी सात वर्षे बोलणे नव्हते. सुरतेच्या भावाने पत्र पाठवले. न बोलणाऱ्यानेही पाठवले, पण त्यासाठी आईला फोन करावा लागला. तीन आठवडे यात गेले.

म्हणून आत्ताच असेसमेंट उताऱ्यावर, म्हणजे घरपट्टीच्या नोंदीवर, वारसांची नावे लावून घ्या. ते होईपर्यंत पॉलिसी सहहिस्सेदारांच्या संयुक्त नावाने घ्या, नाहीतर संमतीपत्रे आधीच करून ठेवा. घरात सगळे गोडीगुलाबीने आहेत तोवर सह्या लवकर मिळतात.

नुकसान झाले, आता पहिले दोन दिवस

जिवाला धोका नाही याची खात्री झाली की सगळ्यात आधी फोटो आणि व्हिडिओ. झाडू, फावडे त्यानंतर. भिंतीवर पाण्याची जी रेषा उमटते तिच्याशेजारी मोजपट्टी किंवा माणूस उभा करून फोटो काढा. फुटलेल्या कौलांचा ढीग, मोडलेले वासे आणि रिपा, फुगलेली कपाटे हे सर्व्हेयर बघेपर्यंत फेकू नका. आरोग्यासाठी फेकावेच लागले तर प्रत्येक वस्तूचा फोटो सिरीयल नंबरसकट काढून मगच फेका.

कंपनीच्या टोल-फ्री नंबरवर फोन करा, क्लेम नंबर लिहून घ्या आणि त्याच दिवशी ईमेलही टाका. फोनवर काय बोललो हे नंतर कोणी मान्य करत नाही, ईमेलवर तारीख-वेळ राहते. दोनच ओळी पुरतात: पॉलिसी नंबर, कधी आणि कशामुळे नुकसान झाले, घर कुठे आहे. भारत गृह रक्षा पॉलिसीत नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत क्लेम फॉर्म द्यायचा असतो, पण कळवायचे मात्र ताबडतोब.

छपरावर ताडपत्री घालायला कंपनीच्या परवानगीची वाट बघू नका. नुकसान वाढू न देणे हे उलट तुमचेच काम मानले जाते, आणि पावसात भिजून भिंत पडली तर कंपनी तुमच्याकडेच बोट दाखवेल. ताडपत्रीचे बिल जपून ठेवा.

आता पंचनामा. तलाठी येऊन पंचनामा करून गेले म्हणजे विम्याचेही झाले, असे समजून गप्प बसलेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत. तो पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. विमा कंपनीचा सर्व्हेयर वेगळा, त्याला वेगळे कळवावे लागते. पंचनाम्याची प्रत मात्र घेऊन ठेवा, वादळ झालेच होते हे दाखवायला ती कामाला येते. वर्तमानपत्राच्या कात्रणाचेही तसेच.

पुरातली गाडी: चावी फिरवू नका

२०२१ च्या त्या पुरात आमची गाडी सीटपर्यंत बुडाली होती. पाणी उतरल्यावर मी चावी घेऊन निघालोच होतो, तेवढ्यात मेकॅनिकचा फोन आला. "दादा, चावी लावू पण नका. बॅटरीची वायर काढा आणि तशीच राहू द्या." शेजारच्या काकांनी मात्र "बघू तरी चालू होते का" म्हणून दोनदा सेल मारला. इंजिनात पाणी असताना सेल मारला की पिस्टन पाणी दाबायला जातो. पाणी दाबले जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान पुराने झाले नाही, सेल मारल्याने झाले, असे म्हणून कंपनीने काकांच्या इंजिनाचे पैसे नाकारले. इंजिन प्रोटेक्ट नावाचे जोड कव्हर असते, किनाऱ्यालगत किंवा नदीकाठी राहणाऱ्याने ते घ्यावेच. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी (दुसऱ्याच्या नुकसानीपुरती) असेल तर पुराचा एक पैसाही मिळत नाही, त्याला ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचे कव्हर लागते.

तर बॅटरीची वायर काढा, आतल्या चिखलाच्या रेषेचे फोटो घ्या, कंपनीला कळवा, आणि गाडी ओढत न नेता फ्लॅटबेडवर (सपाट ट्रकवर) चढवून गॅरेजला न्या. पुराच्या वेळी फ्लॅटबेडला मोठी रांग असते. आमची पाळी नवव्या दिवशी आली.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. आमची आयडीव्ही ४,१०,००० आणि दुरुस्तीचा अंदाज ३,४०,०००, त्यामुळे हिशेब स्पष्ट होता. गाडीवर कर्ज असेल तर पैसे आधी बँकेला जातात, उरले ते आपल्याला. आणि भंगारवाला गाडी घेऊन गेला तरी आरसीवर नाव तुमचेच राहते. आरसी रद्द झाल्याचा किंवा दुसऱ्याच्या नावे गेल्याचा कागद हातात आल्याशिवाय विषय सोडू नका.

किरकोळ नुकसानीचे गणित वेगळे. गाडी माडाखाली लावली आणि नारळ बोनेटवर पडला, तर क्लेम होतो (आणि कोकणात गाडी माडाखाली लावणाऱ्याला कोणी काही बोलत नाही, फक्त वर बघतात). पण आधी हिशेब करा. समजा प्लास्टिकचा बंपर ६,००० रुपयांचा. झिरो डेप (घसारा न कापण्याचे जोड कव्हर) नसेल तर प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात, राहिले ३,०००. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची कपात १,०००, म्हणजे हातात २,०००. या दोन हजारांसाठी नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. तो पहिल्या वर्षाला २० टक्क्यांपासून वाढत वाढत ५० टक्क्यांपर्यंत पोचतो आणि एका क्लेमने शून्यावर येतो. बोनस ५० टक्क्यांवर पोचलेला आणि ओन डॅमेजचा मूळ हप्ता ९,००० असेल तर पुढच्याच वर्षी ४,५०० रुपये जास्त भरायचे. असा बंपर खिशातून बदलावा.

सर्व्हेयर आले की

वाहनाचे ५०,००० आणि घराचे १ लाख रुपयांवरचे नुकसान परवानाधारक सर्व्हेयरने बघावे लागते. २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकानुसार कळवल्यापासून २४ तासांत सर्व्हेयर नेमायचा, त्याने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल मिळाल्यापासून ७ दिवसांत कंपनीने निर्णय द्यायचा. पूर-वादळात हे गाडे पुढेमागे होते, पण स्मरणपत्रात या तारखा लिहिल्या की उत्तर लवकर येते.

सर्व्हेयरशी भांडू नका आणि त्याच्यासमोर फार रडूही नका. यादी हातात द्या. अडचण येते ती अंदाजपत्रकाची, कारण आपले सुतार आणि गवंडी बिल देत नाहीत. त्यांच्याकडून साध्या कागदावरच, पण बाबवार लिहून घ्या: कौले किती, वासे किती आणि किती लांबीचे, रिपा, कोने, मजुरीचे दिवस. खाली नाव, सही, फोन. पैसे यूपीआयने द्या म्हणजे पुरावा राहतो. "छप्पर दुरुस्ती १,८६,०००" अशी एकच ओळ लिहून दिली तर सर्व्हेयर ती अर्ध्यावर आणणारच, आणि त्यात त्याची चूक म्हणता येणार नाही.

वाळवी, ओल, कौल सरकून वर्षानुवर्षे होणारी गळती हे विम्यात बसत नाही. वादळात ते मिसळून मागू नका, एक खोटी बाब सापडली की दहा खऱ्या बाबी संशयात जातात.

रक्कम कमी आली तर

सर्व्हे अहवालाची प्रत मागा, ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. पूर्ण आणि अंतिम तडजोड मान्य आहे अशा कागदावर वाद असताना सही करू नका. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, मग बीमा भरोसा पोर्टल किंवा १५५२५५ हा नंबर. कंपनीने नाकारले किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाकडे एका वर्षाच्या आत जाता येते. तिथे फी नाही, वकील लागत नाही आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ते बघतात. ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची आहे.

माझ्या माडाच्या क्लेममध्ये १,८६,००० मागितले, मंजूर झाले १,२१,०००. स्वयंपाकघराच्या भिंतीची भेग जुनी आहे, म्हणून ३८,००० कापले होते. बाकीची कपात मला पटली. भेगेचे पटले नाही. त्याच वर्षीच्या अगोटीत काढलेला, तारीख असलेला त्या भिंतीचा फोटो जोडून मी तक्रार अधिकाऱ्याला एक पानी ईमेल केला. पाच आठवड्यांनी २९,००० आणखी जमा झाले. त्यातून स्वयंपाकघराची भिंत उभी राहिली आणि ओटीची कौले बसली. पडवीवर अजून पत्राच आहे.