लघुप्रबंधातून शोधनिबंध : शिक्षणविषयक संशोधन पत्रिकेकडे लेख कसा पाठवावा

एम.एड.चा लघुप्रबंध किंवा पीएच.डी.चा प्रबंध हातावेगळा झाला आहे, विश्लेषण पूर्ण आहे आणि मार्गदर्शकांची संमतीही मिळाली आहे, असे गृहीत धरून हे लिहीत आहे. ठाण्यातील एका अध्यापक महाविद्यालयात शिकवत असताना स्वतःचे आणि विद्यार्थ्यांचे मिळून बरेच शोधनिबंध मी पाठवले आणि त्यांतील कित्येक परत आलेलेही पाहिले. त्यामुळे ‘प्रबंधच दहा पानांत बसवा’ हा सल्ला कोणी देऊ लागले की आता मला गप्प बसवत नाही, कारण निबंध परत येण्याचे सर्वांत मोठे कारण तोच सल्ला आहे.

आधी पत्रिका निवडावी, मगच लिहायला बसावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य संशोधन पत्रिकांची ‘केअर’ यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केल्यामुळे ‘यादीत आहे ना?’ एवढे विचारून आता भागत नाही. संपादक मंडळात कोण आहेत, तज्ज्ञ-समीक्षा कशी होते आणि गेल्या दोन वर्षांत काय छापून आले, हे आपले आपणच पाहावे लागते. आयएसएसएन हा नियतकालिकाचा केवळ आठ अंकी ओळख क्रमांक आहे, गुणवत्तेचा दाखला नव्हे. ‘तीन दिवसांत प्रकाशन, सोबत प्रमाणपत्र’ असा व्हॉट्सअॅप संदेश आला तर तो पुढे न पाठवता पुसून टाकावा. एनसीईआरटीचीच दोन नियतकालिके घेतली तरी ‘इंडियन एज्युकेशनल रिव्ह्यू’ला संशोधन हवे असते, तर ‘द प्रायमरी टीचर’चा वाचक वर्गात उभा असलेला शिक्षक असतो. एकच सामग्री दोन्हीकडे सारख्या रूपात चालणार नाही.

आता अवघड भागाकडे वळते. माझा पहिला निबंध चौथीच्या मुलांना गणितातील शाब्दिक उदाहरणे सोडवताना येणाऱ्या अडचणींवर होता. त्यात मी गरज व महत्त्व, कार्यात्मक व्याख्या (संज्ञेचा त्या अभ्यासापुरता अर्थ), पाच उद्दिष्टे, पाच शून्य परिकल्पना (‘फरक नाही’ अशी तपासायची गृहीतके), व्याप्ती, मर्यादा असे सगळे काही लघुप्रबंधातल्या क्रमानेच ठेवले होते. आठव्या दिवशी तो समीक्षकांपर्यंत न पोहोचताच परत आला. यात नवे काय आहे हे सातव्या पानापर्यंत कळत नाही, एवढेच संपादकांनी कळवले होते. मला राग आला. त्याच संध्याकाळी घरी परतताना ठाणे–वाशी लोकलमध्ये मी तो निबंध परक्याचा समजून वाचायला घेतला, आणि घणसोली आली तरी मी अजून ‘शाब्दिक उदाहरण’ या संज्ञेच्या कार्यात्मक व्याख्येतच होते.

प्रबंध परीक्षकासाठी लिहिलेला असतो आणि प्रत्येक पायरी आपण चढलो आहोत, हे त्याला दाखवावे लागते. निबंधाचा वाचक त्या पायऱ्या गृहीत धरतो. त्याला एकच गोष्ट हवी असते, जी त्याला आधी ठाऊक नव्हती. म्हणून पाचांपैकी चार उद्दिष्टे बाजूला ठेवावीत, आणि ज्या निष्कर्षाने आपण स्वतः चकित झालो होतो तोच घ्यावा. माझ्या बाबतीत तो निष्कर्ष तिसऱ्या उद्दिष्टात दडलेला होता. ‘मीनाकडे राजूपेक्षा ५ बिया जास्त आहेत. मीनाकडे १२ बिया असतील, तर राजूकडे किती?’ या प्रश्नाला अनेक मुलांनी १७ असे उत्तर लिहिले होते. बेरीज अगदी बरोबर होती, पण ‘जास्त’ हा शब्द दिसताच त्यांनी बेरीज केली होती. अडचण गणितापेक्षा ‘पेक्षा’ने जोडलेल्या वाक्याची होती. हेच पहिल्या पानावर यायला हवे होते.

यासाठी मी आता एक सक्ती करते : ‘या निबंधात मी असे दाखवते की…’ हे वाक्य आधी पूर्ण करावे, कागदावर लिहून समोर ठेवावे आणि त्या वाक्याच्या कामी न येणारा प्रत्येक परिच्छेद, कितीही रात्री जागून लिहिलेला असला तरी, काढून टाकावा. प्रस्तावना कोठारी आयोगापासून किंवा राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० पासून सुरू करू नये. संपादकाने ती वाक्ये हजारदा वाचलेली असतात. पूर्वसंशोधनाची वर्षवार यादी देऊ नये. कोणाचे कोणाशी पटत नाही आणि आपला अभ्यास त्यात कुठे बसतो, ते सांगावे. ‘शासनाने प्रशिक्षण आयोजित करावे’ छापाच्या शिफारशी सरसकट गाळाव्यात. एका शाळेतील एका वर्गावरून ‘ठाणे जिल्ह्यातील विद्यार्थी’ असे तर कदापि लिहू नये.

‘शून्य परिकल्पनेचा त्याग करण्यात येत आहे’ हा निष्कर्ष नव्हे, हेही एकदा स्पष्ट सांगायला हवे. समजा, प्रत्येकी ३० मुलांच्या दोन गटांच्या सरासरींतील फरक तपासताना टी-मूल्य २.६४ आले. ते ०.०५ स्तरावर सार्थक, म्हणजे निव्वळ योगायोगाचे मानता न येणारे, आहे खरे, पण फरक केवढा आहे हे त्यातून वाचकाला उमगत नाही. त्याच आकड्यांवरून कोहेनचा ‘डी’ सुमारे ०.६८ निघतो, म्हणजे दोन सरासरींमधील अंतर प्रमाण विचलनाच्या जवळपास दोन-तृतीयांश आहे. हा आकडा द्यावा आणि त्याचा वर्गातला अर्थ दोन वाक्यांत सांगावा.

बाकीचे सोपे आहे. गोषवारा सर्वांत शेवटी लिहावा. वेगळी सूचना नसेल तर २५० शब्दांच्या आत ठेवावा. संदर्भसूची एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) लेखनशैलीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे किंवा पत्रिका सांगेल तशी करावी. मराठी मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असल्यास तो युनिकोडमध्ये आणून रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांखालून घालावीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनुसार आधीच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. मात्र प्रबंध ‘शोधगंगा’ या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात असेल तर स्वतःचीच वाक्ये साम्य म्हणून दिसतात, त्यामुळे ती नव्याने लिहावीत आणि निबंध प्रबंधावर आधारित असल्याचे संपादकांना कळवावे.

समीक्षकांसाठीच्या प्रतीतून नाव, आभार आणि शाळेची ओळख काढावी. वर्डच्या फाइलच्या गुणधर्मांतही लेखकाचे नाव राहते, ते बहुतेक जण विसरतात. निबंध एका वेळी एकाच पत्रिकेकडे पाठवावा आणि पोच म्हणून आलेला क्रमांक जपून ठेवावा.

अभिप्राय आले की दोन रकान्यांचा तक्ता करावा : डावीकडे समीक्षकाचे वाक्य जसेच्या तसे, उजवीकडे आपण केलेला बदल आणि त्याचा पृष्ठक्रमांक. एखादी सूचना पटली नाही तर उजव्या रकान्यात कारण पुराव्यासह मांडावे. ‘समीक्षकांना विषयच समजलेला नाही’ हे वाक्य मात्र सहकाऱ्यांबरोबरच्या चहापुरतेच ठेवावे.