वास्तुकलेच्या नियतकालिकांतील लेख कसे शोधावेत

वास्तुकलेवरील लेखांच्या शोधाची सुरुवात ‘एव्हरी इंडेक्स’ या सूचीपासून करणे श्रेयस्कर ठरते. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील एव्हरी ग्रंथालयाने १९३४ मध्ये सुरू केलेली ही सूची वर्गणीवर मिळते, म्हणून आपल्या संस्थेच्या ग्रंथालयाकडे ती आहे का, हे आधी विचारावे. ती मुख्यतः लेखांच्या नोंदी देते, संपूर्ण लेख नव्हे. त्यामुळे पडद्यावर पीडीएफ दिसली नाही म्हणून नोंद सोडून देणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातून नेमके जुने, मोलाचे लेख निसटतात.

वास्तुकार चार्ल्स कोरिया यांनी मुंबईत उभारलेल्या आणि १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘कांचनजंगा’ या निवासी इमारतीवरील लेख हवे आहेत, असे समजू. शोधचौकटीत संपूर्ण वाक्य लिहू नये; विषयाचे इमारत, गाव आणि प्रकार असे भाग पाडावेत. एकाच भागातील पर्यायी शब्द कंसात घेऊन ‘ऑर’ने जोडावेत आणि वेगवेगळे भाग ‘अँड’ने. हे पर्याय फार विचारपूर्वक निवडावे लागतात. रोमन लिपीत इमारतीचे नाव ‘कांचन’ आणि ‘कांचेन’ अशा दोन्ही वर्णलेखनांनी आढळते, शहराचे इंग्रजी नाव १९९५ मध्ये बदलल्यामुळे जुन्या नोंदींत ‘बॉम्बे’च असते, आणि अमेरिकी लेखक ज्याला ‘अपार्टमेंट’ म्हणतो त्यालाच ब्रिटिश लेखक ‘फ्लॅट’ म्हणतो. एवढे करूनही नोंदी फारच कमी आल्या, तर प्रकाराचा भाग काढून टाकावा.

एक चांगली नोंद सापडली की ती पूर्ण उघडून तिच्यातील विषयशीर्षके पाहावीत. ती सूचीकारांनी ठरावीक शब्दांत दिलेली असल्याने त्यांवर क्लिक करताच, ज्यांच्या शीर्षकात आपला एकही शब्द नाही असे लेखही पुढे येतात. माझ्या मते साऱ्या शोधातली सर्वांत फलदायी पायरी हीच आहे. ‘पीअर रिव्ह्यूड’ (फक्त तज्ज्ञांनी तपासलेले लेख दाखवणारी) ही चाळणी मात्र लावू नये, कारण इमारतींचे आराखडे आणि छायाचित्रे बहुधा ज्या व्यावसायिक मासिकांत प्रथम छापली जातात, तीच तिच्यामुळे गळतात.

मग नियतकालिकाचे नाव, खंड, अंक, महिना, वर्ष व पृष्ठे टिपून घ्यावीत आणि ग्रंथालयाच्या तालिकेत लेखाचे नव्हे, तर नियतकालिकाचे नाव शोधावे. १९८१ ते १९९२ या काळात निघालेल्या ‘मिमार’ या वास्तुकलेच्या नियतकालिकाचे अंक ‘आर्कनेट’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. इतर अंकांसाठी, आपले ग्रंथालय ‘डेलनेट’ या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सदस्य असल्यास, त्याच्यामार्फत प्रत मागवता येते. अशा मागणीत आराखड्यांची पाने पूर्ण आकारात व सुवाच्य स्कॅन करावीत, असे आवर्जून लिहावे. पान लहान झाले की आराखड्यावर छापलेले प्रमाण (स्केल) लागू पडत नाही आणि मापे वाचता येत नाहीत.