समुद्राचं नाव फोडायचं कसं?

पुराणातलं नाव आलं की आपण लगेच गोष्ट सांगायला लागतो. माझं ऐका, आधी नाव फोडा, गोष्ट मागाहून.

मागच्या रविवारी भाची नकाशाची वही घेऊन आमच्या दुकानात आली. चादरींच्या गठ्ठ्यावर वही ठेवून म्हणाली, "मामा, हेलेस्पोंट म्हणजे काय?" तुर्कस्तानातल्या दार्दानेल्स सामुद्रधुनीचं हे जुनं नाव.

तिला आधी ग्रीक रूप लिहायला लावलं: हेलेस्पोन्तोस. त्याखाली लॅटिन: हेलेस्पोन्तुस. शेवटचं 'ओस' आणि 'उस' हे प्रत्यय, ते खोडून टाकायचे. उरतं ते मधोमध तोडा. 'हेलेस' ही षष्ठी, म्हणजे हेलेचा. 'पोन्तोस' म्हणजे समुद्र. झाला हेलेचा समुद्र.

आता प्रत्येक तुकड्याची भावंडं शोधा. मला सगळ्यात जास्त आवडतं ते हेच. पोन्तोसचं लॅटिनमधलं सख्खं भावंड 'पोन्स', अर्थ पूल. संस्कृतातलं 'पन्था', अर्थ वाट. मूळ एकच. ग्रीकांना समुद्रातच वाट दिसली! भाचीनं पेन थांबवलं. "वारकरी पंथातला पंथ?" हो गं, तोच. एक काळजी मात्र घ्या: लॅटिनमध्ये 'पोन्तुस' हाही शब्द आहे, पण तो ग्रीकातून उसना घेतलेला. उसना शब्द भावंडांत मोजू नका.

मग गोष्ट. सावत्र आईच्या कटातून वाचवायला सोनेरी लोकरीचा मेंढा आला. त्याच्या पाठीवर बसून फ्रिक्सोस आणि त्याची बहीण हेले निघाले. वाटेत हेले याच पाण्यात पडली.

ही गोष्ट म्हणजे नावाचा पुरावा, असं मात्र धरू नका. आपण नाही का सांगत, सोळा गावांचं म्हणून सोलापूर? सिद्धरामेश्वरांच्या काळातलं नाव तर सोन्नलगे. एजियन समुद्राचंही तसंच. मुलाच्या जहाजाला काळं शीड दिसलं, मुलगा गेला असं समजून एजियस राजानं या समुद्रात उडी घेतली, ही कथा सगळ्यांना पाठ. पण त्या नावाचा संबंध आयगाय या गावाशीही प्राचीन काळापासून लावत आलेत. म्हणून वहीत दोन रकाने आखा, एकात शब्द, दुसऱ्यात कथा.

भाचीनं ते दुकानातच आखले. पुढचं नाव तिनंच निवडलंय, इकारियन समुद्र.