फायबर नेमकं कुठे संपतं? ब्रॉडबँड जाळ्याच्या वादातले दावे असे तपासा

देशाचं ब्रॉडबँड जाळं सुधारण्याचा कोणताही आराखडा हातात आला की पहिला प्रश्न एवढाच विचारा: फायबर कुठपर्यंत येतं? घराच्या भिंतीपर्यंत, दारासमोरच्या चेंबरपर्यंत (जमिनीतल्या जोडांच्या खड्ड्यापर्यंत), इमारतीच्या तळघरापर्यंत, की चौकातल्या कॅबिनेटपर्यंत (रस्त्याकडेच्या उपकरणांच्या पेटीपर्यंत)? या चारही गोष्टी ‘फायबर’ या एकाच नावाने सांगितल्या जातात. जिथे फायबर थांबतं तिथून पुढे तांबं असतं, आणि सगळा वाद त्या उरलेल्या तांब्याचा असतो.

ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय ब्रॉडबँड जाळं, म्हणजे एनबीएन, हे याचं सर्वात मोठं उदाहरण. २००९ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने ९० टक्के ठिकाणी थेट घरापर्यंत फायबर न्यायचं ठरवलं. पुढे हे लक्ष्य ९३ टक्के झालं. २०१३ मध्ये सरकार बदललं आणि मिश्र तंत्रज्ञानाचा मार्ग आला: बऱ्याच भागांत कॅबिनेटपर्यंत फायबर आणि पुढे टेलिफोनची जुनी तार, तर काही शहरांत केबल टीव्हीची तार. आता त्याच टेलिफोनच्या तारा बाजूला करून फायबर घातलं जातंय.

तांब्याचा दावा तपासताना अंतर धरा. कॅबिनेटमधून येणाऱ्या व्हीडीएसएल-२ (टेलिफोनच्या तारेवरून वेगवान इंटरनेट देणारं तंत्र) लाइनवर ३०० मीटरच्या आत १०० एमबीपीएसच्या आसपास वेग मिळू शकतो. १ किलोमीटरवर तो साधारण २५-३० वर येतो. हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजू नका. तार रस्त्यांच्या कडेने, वळसे घेत येते, त्यामुळे नकाशावरचे ४०० मीटर जमिनीत सहज ७०० होतात. म्हणून ‘अमुक वेगापर्यंत’ असं लिहिलेलं दिसलं की ‘किती टक्के घरांना, किती मीटर तारेवर’ हे विचारायलाच हवं. त्यातला ‘पर्यंत’ कॅबिनेटशेजारच्या घराचा असतो.

स्वतःच्या लाइनचा पुरावा मोडेमच्या स्थिती-पानावरच मिळतो. चार आकडे टिपा: जुळलेला वेग (मोडेम आणि कॅबिनेट यांच्यात ठरलेला), शक्य असलेला कमाल वेग, लाइन ॲटेन्युएशन (तारेत सिग्नल किती घटतो) आणि एसएनआर मार्जिन (गोंगाटावर मात करून सिग्नलची किती ताकद राखीव उरते). ॲटेन्युएशन जास्त म्हणजे तार लांब किंवा खराब. मार्जिन ६ डेसिबलच्या आसपास स्थिर असेल तर लाइन ठीक. ते खाली-वर होत असेल आणि लाइन वारंवार तुटून पुन्हा जुळत असेल, तर कुठेतरी जोड गेलाय. सीआरसी चुकांचा (वाटेत बिघडलेल्या डेटाचा) आकडा कोरड्या आठवड्यात एकदा आणि मोठ्या पावसानंतर एकदा लिहून ठेवा. पावसानंतर तो उसळत असेल तर चेंबरमधल्या जोडात पाणी शिरतंय, हे जवळपास नक्की. अशी दोन आठवड्यांची नोंद जोडलेली तक्रार ‘नेट स्लो आहे’ या वाक्यापेक्षा कितीतरी वजनदार ठरते.

एक काळजी घ्या: हे आकडे लाइनचे आहेत, वायफायचे नाहीत. वेग मोजताना लॅपटॉप इथरनेट केबलने जोडा. संध्याकाळी ७ ते ११ या गर्दीच्या वेळात आणि पहाटे, असा दोनदा मोजा. जुळलेला वेग दोन्ही वेळी सारखा आणि प्रत्यक्ष वेग फक्त संध्याकाळी कमी, तर दोष तारेत नाही. पुढच्या जाळ्यात किंवा सेवा कंपनीने घेतलेल्या क्षमतेत आहे. तिथे घरापर्यंत फायबर आणूनही संध्याकाळचा प्रश्न सुटणार नाही. फायबरच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हे मान्य करूनच पुढे बोलावं, नाहीतर खरा मुद्दाही कमकुवत होतो.

फायबरचा दावाही तितक्याच कसून तपासा. जीपीऑनमध्ये (एकच धागा अनेक घरांत वाटणाऱ्या फायबरच्या तंत्रात) एका धाग्यावरून खाली, म्हणजे घराकडे, २.५ जीबीपीएस आणि वर १.२५ जीबीपीएस जातात, आणि ते स्प्लिटरने (प्रकाश वाटणाऱ्या भागाने) ३२ घरांत वाटले जातात. सगळी ३२ घरं एकाच क्षणी पूर्ण वापर करू लागली तर प्रत्येकाला ७८ च्या आसपास एमबीपीएस येतील. प्रत्यक्षात असं क्वचितच होतं, म्हणून १ जीबीपीएसचा प्लॅन विकता येतो. पण एका स्प्लिटरवर ३२ घरं की ६४, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे, कारण तिथे प्रकाशाचाही हिशेब बदलतो. बी-प्लस वर्गाच्या जीपीऑनला २८ डेसिबलचं बजेट मिळतं, म्हणजे वाटेत प्रकाश एवढाच घटलेला चालतो. १० किलोमीटर फायबरचे ३.५, ३२ च्या स्प्लिटरचे १७.५, चार कनेक्टरचे २ आणि आठ स्प्लाइसचे (धाग्यांच्या सांध्यांचे) ०.८ धरले तर बेरीज २३.८. चारेक डेसिबल शिल्लक राहतात. पुढे कधी धागा तुटून पुन्हा जोडावा लागला तर ते कामी येतात. त्याच मार्गावर ६४ चा स्प्लिटर लावला की त्याचेच २१ होतात, बेरीज २७.३ वर जाते. मग एक मळका कनेक्टर किंवा कपाटामागे दाबून मोडलेली पॅचकॉर्ड एवढ्यावरही ओएनटीचा (घरात बसणाऱ्या फायबरच्या यंत्राचा) लाल दिवा लागू शकतो. आराखडा स्वस्त दाखवण्यासाठी स्प्लिटर वाढवलेत का, ते इथे कळतं.

फायबरच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा वेगाचा नाही, पुढच्या सुधारणेचा आहे. जीपीऑन खाली १४९० आणि वर १३१० नॅनोमीटर लहरलांबीचा प्रकाश वापरतं. १० जीबीपीएसचं एक्सजीएस-पीऑन १५७७ आणि १२७० वापरतं. दोन्ही एकाच काचेतून एकत्र चालतात. म्हणजे वेग वाढवताना रस्ता खणायचा नाही, दोन टोकांची यंत्रं बदलायची. तांब्यावर मात्र वेग वाढवायचा तर कॅबिनेट घराच्या आणखी जवळ आणावं लागतं, आणि प्रत्येक कॅबिनेटला वीज, बॅटरी आणि देखभाल लागते. घरातल्या ओएनटीलाही वीज लागते, हे मात्र लपवू नये. वीज गेली की त्यावरचा फोनही बंद. वैद्यकीय अलार्म वापरणाऱ्या घरांसाठी बॅटरीची सोय आराखड्यात लिहिलेली हवी.

खर्चाच्या आकड्यांत सर्वात जास्त गफलत होते. भांडवली खर्च आणि निधीची कमाल गरज हे दोन वेगळे आकडे आहेत. दुसऱ्यात उत्पन्न सुरू होईपर्यंतची तूटही येते. एनबीएनच्या २०१२ च्या आराखड्यात पहिला ३७.४ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर होता आणि दुसरा ४४.१ अब्ज. एका बाजूचा लहान आकडा दुसऱ्या बाजूच्या मोठ्या आकड्याशेजारी ठेवला की वाद जिंकल्यासारखा वाटतो. डिसेंबर २०१३ च्या आढाव्याने निधीची गरज घरापर्यंतच्या फायबरसाठी ७३ अब्ज आणि मिश्र तंत्रज्ञानासाठी ४१ अब्ज धरली. २०१८ पर्यंत मिश्र मार्गाचाच अंदाज ५१ अब्जांवर गेला. नंतरच्या दुरुस्त्या यात नाहीत: २०२० मध्ये ४.५ अब्जांची सुधारणा जाहीर झाली, २०२२ च्या अर्थसंकल्पात २.४ अब्ज आले, आणि जानेवारी २०२५ मध्ये कॅबिनेटवर उरलेल्या ६,२२,००० ठिकाणांसाठी सरकारचे ३ अब्जांपर्यंत व कंपनीचे ८० कोटींहून अधिक. शेवटच्या घोषणेला ठिकाणांनी भागा: ठिकाणामागे सुमारे ६,१०० डॉलर. हा भागाकार प्रत्येक घोषणेवर करा. म्हणूनच पहिल्या टप्प्याचा खर्च एकटा पाहू नका. आधी तांबं, मग फायबर असा दोनदा होणारा खर्च, तांब्याची देखभाल आणि कॅबिनेटची वीज असं सगळं ३० वर्षांवर मांडून मागा.

मंजुरीनंतर काम बहुतेक वेळा अडतं ते शेवटच्या काही मीटरवर, चेंबर ते भिंत या पाइपमध्ये. जुनी तार ओढदोर म्हणून वापरून फायबर आत घेतात. पाइप झाडाच्या मुळांनी चेपला असेल, वरून गाडी जाऊन फुटला असेल किंवा चिखलाने भरला असेल, तर तार हलत नाही आणि तंत्रज्ञ परत जातो. दुसरी भेट आठवड्यांनी मिळते. म्हणून भेटीआधी चेंबरचं झाकण मोकळं करा, पाइप भिंतीत कुठे शिरतो ते शोधा, आणि ओएनटी बसेल त्या जागी विजेचा पॉइंट घ्या. फायबर ओढताना तार अर्ध्यात तुटू शकते, म्हणून नवी लाइन चालू होईपर्यंत मोबाइल डेटाची सोय ठेवा. पाइप फुटलेला निघाला तर खणण्याचा खर्च कुणाचा, हे ऑर्डर देण्याआधी लेखी घ्या. आराखड्यावर मत मागवलं असेल तर त्यातही हाच प्रश्न घाला: किती ठिकाणी शेवटचा पाइप नव्याने टाकावा लागेल, आणि तो खर्च वरच्या आकड्यात धरलाय का.