व्हीआर हेडसेट लावण्याआधी पायाखाली पायपुसणं टाका

आभासी जग दाखवणारा हा हेडसेट डोळ्यांवर चढला की आपण खोलीत कुठे सरकतोय ते कळत नाही, आणि हात थेट टीव्हीवर बसतो.

१. दिवाण, टीपॉय भिंतीला लावा. मधोमध न सरकणारं पायपुसणं टाकून त्यावर अनवाणी उभे राहा. तळव्याला गार फरशी लागली की समजा, सरकलात. परत पायपुसण्यावर या.
२. कूलर समोर, हात पोहोचणार नाही इतका लांब. तोंडावर वारा आला की दिशा कळते, अनेकांना मळमळही कमी वाटते. (मे महिन्यातल्या नागपुरात तो तसाही सुरूच असतो.)
३. सुरुवात बसून. गरगरलं की लगेच काढा.

काढलेला हेडसेट खिडकीत ठेवू नका. लेन्समधून ऊन आत एकवटतं आणि स्क्रीनवर कायमचा डाग पडतो.